भो, मॉनिटर घेताना नुसते इंच मोजू नको

प्रिय दोस्ता,

काय भो, काय करी राह्यला? तुझा मेसेज परवाच पाहिला, पण लग्नाच्या फोटोंची तीन कामं एकात एक अडकलेली, म्हणून आज निवांत लिहितोय, आणि फोनवर सांगितलं असतं तर तू अर्धं विसरला असतास. फोटो एडिट करायला २७ इंची कर्व्ह (वाकड्या स्क्रीनचा) मॉनिटर पंधरा हजारात बसतोय म्हणून तू उड्या मारतोयस, पण जरा थांब, लगेच पैसे देऊन मोकळा होऊ नको.

माझी मागच्या वर्षीची फजिती तुला पूर्ण सांगितलीच नाही. चोपड्याकडचं लग्न होतं, हळदीचे फोटो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून केले, स्क्रीनवर नवरी नुसती झळकत होती. अल्बम छापून आला तर सगळा अंधार, नवरदेवाच्या काळ्या कोटाचा डांबराचा गोळा झालेला आणि वऱ्हाडातल्या सगळ्यांना कावीळ! लॅबवाल्याशी भांडलो, त्याने काही न बोलता दुसऱ्याचा अल्बम समोर टाकला, एकदम चकाचक. गडबड माझ्याच टेबलावर होती. मॉनिटरचा ब्राइटनेस १०० वर, त्यामुळे फोटो मुळात काळा असला तरी मला उजेडाचा दिसायचा, आणि स्क्रीन निळसर मारायची म्हणून मी दर फोटोत पिवळा वाढवत बसलो होतो. अल्बम पदरच्या पैशाने परत छापला.

तो जुना मॉनिटर टीएन पॅनलचा, म्हणजे बघायचा कोन बदलला की रंग बदलणाऱ्या स्क्रीनचा. खुर्चीत ताठ बसलो की हळद लिंबासारखी, पाठ टेकवली की गेरूसारखी, आता यातली खरी कोणती? म्हणून पहिली अट आयपीएस पॅनल, त्यात कुठूनही बघितलं तरी रंग फारसा बदलत नाही. कर्व्हवाले बहुतेक व्हीए या तिसऱ्या प्रकारचे असतात, त्यांचा काळा रंग मस्त गडद, पिक्चर बघायला भारी, पण बाजूने बघितलं की सावल्या नि रंग बदलतात, आपल्या कामाला नको.

दुसरं म्हणजे एसआरजीबी, स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं नेहमीचं माप. ९५-१०० टक्के लिहिलेलं पाहिजे. काही ठिकाणी एनटीएससी या रंगांच्या दुसऱ्या मापाचा आकडा असतो, तिथे ७२ टक्के म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी धर, ४५ असेल तर हातही लावू नको, लाल साडी विटकरी दिसेल. अ‍ॅडोबी आरजीबीवाल्या, म्हणजे त्याहून जास्त रंग दाखवणाऱ्या महागड्यांच्या नादी लागू नको, आपण लॅबला एसआरजीबी जेपेगच देतो ना.

साइजचं म्हणशील तर २७ इंचात फुल एचडी घेतलं की इंचाला ८२च पिक्सेल येतात, २४ इंचात ९२. शार्पनिंग करताना हा फरक डोळ्याला जाणवतो. २७ हवाच असेल तर २५६० बाय १४४० घे, पण तो तुझ्या बजेटच्या वर जात असेल तर मी म्हणतो २४ इंची आयपीएस बास. थोडे पैसे वाढवता आले तर असूसचा प्रोआर्ट २४८ बघ, १९२० बाय १२०० आहे, खाली टूलबारला जास्त जागा मिळते. १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी स्क्रीन), रंगीत लाइट वगैरे गेमवाल्या पोरांसाठी, त्याचे पैसे आपण कशाला भरायचे?

दुकानात सगळ्या स्क्रीनवर तोच धबधब्याचा व्हिडिओ चालू असतो, त्यात कोणताही मॉनिटर देखणाच दिसतो. मी जळगावच्या गोलाणी मार्केटला पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो, हळदीचा एक फोटो, काळ्या कोटाचा एक, आणि एक रावेरच्या केळीच्या बागेतला, कारण त्यात हिरव्याच्या दहा छटा आहेत. उभा राहून पाहिलं, उकिडवा बसून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून. दुकानदार म्हणे, "भाऊ, मॉनिटर घेताय का बाजारात म्हैस?" म्हटलं, म्हैस निदान दूध तरी देते. मग पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन लावून मेलेला पिक्सेल, म्हणजे बिघडलेला ठिपका, शोधला. तूही लाजू नको.

घरी आणल्यावर ब्राइटनेस खाली आण, बहुतेक २५-३० च्या आसपास येईल, मीटरवर मोजलं तर १०० ते १२० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) पाहिजे. पहिले दोन दिवस अंधारल्यासारखं वाटेल, सवय होते. रंगाचं सेटिंग ६५०० के (केल्विन), गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसतात त्याचं सेटिंग, २.२. काही मॉनिटरला एसआरजीबी मोड असतो पण त्यात ब्राइटनेस कमी करू देत नाही, ते दुकानातच दाबून बघ. आणि तुझ्या स्टुडिओची ती गुलाबी भिंत, भो, तिचा उजेड डोळ्यात जातो, राखाडी मारून टाक. खिडकी तुझ्या पाठीमागे नको. लाइटचं आपल्याकडे माहितीच आहे, यूपीएसशिवाय लावू नको.

कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग नि उजेड मोजून नीट करणारं यंत्र, महाग वाटत असेल तर आपण दोघं मिळून एकच घेऊ, महिन्यातून एकदा तर लागतो. रविवारी जळगावला ये, बरोबर जाऊ. लॅबमधून आलेली तुझी एखादी प्रिंट आणि तिचीच फाइल घेऊन ये, दुकानात स्क्रीनशेजारी धरून बघू. मग शेवभाजी, बिल तुझं.

तुझाच,
भुसावळवाला