शेवटची बोट किती वाजता, ते आधी छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या शहराला लागून जी बेटं असतात ना, त्यांच्या वाहतुकीबद्दल काही छापून आलं की दोनच गोष्टी असतात, पूल कधी होणार नाहीतर नवी बोट किती स्पीडची आहे. मी मात्र शेवटची बोट कितीची आहे ते शोधत बसतो आणि बहुतेक वेळा तेच लिहिलेलं नसतं. बेटावरच्या माणसाचं सगळं त्या एका टायमिंगवर चालतं हो. शेवटची बोट रात्री आठची असेल तर सेकंड शिफ्टची नोकरी विसरा, संध्याकाळचा क्लास विसरा, आणि घरचं कोणी शहरातल्या हॉस्पिटलात ॲडमिट असेल तर भेटून परत यायचं का तिथेच बाकड्यावर रात्र काढायची हे घड्याळ बघून ठरवावं लागतं.

पूल झाला की सगळं मिटतं असंही नाही. न्यूयॉर्कचं स्टेटन आयलंड घ्या, १९६४ मध्ये व्हेराझानो पूल झाला पण तो जातो ब्रुकलिनला, त्याच्यावर चालायला फुटपाथ नाही आणि मॅनहॅटनला, म्हणजे शहराच्या मुख्य भागात, जाणारी सबवे (भुयारी रेल्वे) बेटावर आजही नाही, त्यामुळे पूल होऊन साठ वर्षं झाली तरी मॅनहॅटनची बोट चालूच आहे, दिवसरात्र, साधारण २५ मिनिटांचा प्रवास, आणि १९९७ पासून तिकीटच नाही. खर्च शहर करतं. मला हे मनापासून पटतं, रस्त्यावरून चालायचे कोणी पैसे घेत नाही मग ज्याच्या दारापुढे रस्त्याच्या जागी पाणी आहे त्याच्याकडून का घ्यायचे?

फुकट सगळ्यांना परवडणार नाही हे मान्य. हाँगकाँगमध्ये लामा, चेउंग चाऊ या बेटांवर कोणाकडे स्वतःची कार नसते, जे काय ते बोटीने. या बोटी खाजगी कंपन्या चालवतात आणि नुसत्या तिकिटावर त्यांचं भागत नाही म्हणून २०११ पासून सरकार मुख्य मार्गांना मदत करतं. रविवारी-सुट्टीला तिकीट जास्त, म्हणजे फिरायला येणाऱ्या गर्दीकडूनही थोडे वसूल होतात. व्हेनिसमध्ये तर फरक आणखी मोठा, पर्यटकाला ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरोला आणि रहिवासी कार्डवाल्याला त्याच्या कितीतरी कमी. बरोबरच आहे, एकजण फोटो काढायला चाललाय आणि दुसरा कामावर.

आता धक्क्याचं बोलतो, कारण याकडे कोणाचंच लक्ष नसतं. साधा पायऱ्यांचा धक्का असला की ओहोटीला पाणी खाली जातं, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, बोट वरखाली हलतेय, आणि आपल्या आजीने खलाशाचा हात धरून नेमक्या क्षणी पाय टाकायचा. गुडघे गेलेली बाई, पोटुशी बाई, व्हीलचेअरवरचा माणूस यांच्यासाठी तिथेच प्रवास संपला, पुढे बोट कितीही एसी असो. कोचीत २०२३ ला वॉटर मेट्रो सुरू झाली तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या बोटींचं खूप कौतुक झालं, ते योग्यच, पण मला त्यातला तरंगता धक्का जास्त मोलाचा वाटतो. भरतीला तो पाण्याबरोबर वर येतो, ओहोटीला खाली जातो, बोट आणि धक्का एकाच पातळीवर राहतात आणि व्हीलचेअर सरळ आत जाते. पुलाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, तरी मागणी मात्र पुलाचीच होते.

आणि खराब हवामान. समुद्र खवळला की बोट बंद ठेवावीच लागते, त्यात वाद नाही, जीव महत्त्वाचा. पण बंद आहे हे माणसाला धक्क्यावर भिजत उभं राहिल्यावर कळू नये. गॅस, औषधं, दूध सगळं त्याच बोटीने येतं, आदल्या दिवशी कळलं तर लोक सोय करून ठेवतात. रात्री कोणाला दुखायला लागलं तर कुठली बोट येणार, कोणाला फोन करायचा हेही प्रत्येक घरात लिहिलेलं पाहिजे.

तुम्ही रस्ते बंद असल्याची बातमी रोज छापता, त्याच चौकटीत एक ओळ बोटींसाठी द्याल का? उद्याची पहिली बोट, शेवटची बोट, आणि बंद असेल तर तसं.

कळावे,
आपला एक नियमित वाचक