‘ही व्हॅल्यू आली कुठून?’ हा प्रश्न शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. त्या संध्याकाळी तुम्ही जे दाखवलंत, ते शेजारी बसून दाखवणारं कुणी फार थोड्यांना भेटतं.

मी तेव्हा तीन प्रोजेक्ट एकदम सांभाळत होतो. एकाच्या टेस्ट चालवल्या आणि दुसऱ्याच प्रोजेक्टच्या डेटाबेसमधली टेबलं रिकामी झाली. डॉट-एन्व्ह फाइलमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, टेस्ट डेटाबेसचा पत्ता अगदी बरोबर होता. मी ती फाइल पुन्हा पुन्हा उघडत होतो, एकेक अक्षर ताडून पाहत होतो. हात थरथरत होते. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि फाइलकडे पाहिलंसुद्धा नाहीत. ‘फाइलमध्ये काय लिहिलंय ते राहू दे. प्रोग्रॅमच्या हातात काय पडलं? आणि ते कुणी दिलं?’

प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या व्हॅल्यू, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, दाखवणारी प्रिंटएन्व्ह ही कमांड चालवली. डेटाबेसचा पत्ता जुन्या प्रोजेक्टचा निघाला. सकाळी त्याच टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मी तो एक्स्पोर्ट केला होता, म्हणजे तिथून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला मिळेल असा ठेवला होता.

तुम्ही रागावला नाहीत. कोरा कागद घेतलात आणि मुळापासून सुरुवात केलीत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे 1979 साली आले. तेव्हापासून नियम हाच: प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, सुरू होताना तिच्या पॅरेंटच्या, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसच्या, एन्व्हायर्नमेंटची प्रत मिळते. प्रत, मूळ नव्हे. नंतर चाइल्डने काही बदललं तर पॅरेंटला ते कळत नाही, आणि पॅरेंटने बदललं तरी आधी सुरू झालेल्या चाइल्डच्या हाती जुनंच राहतं. एवढ्या एका गोष्टीने माझी कितीतरी जुनी कोडी सुटली. शेलच्या (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सुरुवातीच्या फाइलमधून मी एक ओळ काढून टाकली होती, तरी एडिटरमध्ये नवं टर्मिनल उघडलं की ती व्हॅल्यू पुन्हा हजर. एडिटरच मुळी ती ओळ असताना सुरू झालेला होता! तो बंद करून पुन्हा उघडायला हवा, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

खरा गुंता मात्र थरांचा होता: एकच व्हेरिएबल शेलमध्ये, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये, अशा अनेक ठिकाणी ठरवता येतं. माझी समजूत अशी, की जवळचा थर नेहमी दूरच्या थरावर मात करतो. प्रोजेक्टमधली फाइल म्हटल्यावर तीच जिंकणार. तुम्ही ती समजूत शांतपणे मोडलीत. शेलमध्ये शेवटी लिहिलेलं टिकतं. डॉट-एन्व्ह वाचणाऱ्या बहुतेक लायब्ररींचं, म्हणजे तयार कोडच्या संचांचं, याच्या उलट: व्हेरिएबल आधीपासून असेल तर त्या त्याला हात लावत नाहीत, वेगळं सांगितलं तरच बदलतात. डॉकर कंपोझमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात, एन्व्हायर्नमेंटखाली लिहिलेली व्हॅल्यू एन्व्ह-फाइलमधल्या व्हॅल्यूला मागे टाकते, आणि या दोन्ही इमेजमध्ये, म्हणजे त्या डब्याच्या साच्यात, आधीच ठरवलेल्या व्हॅल्यूला. म्हणजे ‘थर’ हा एकच शब्द, पण कोण जिंकणार याचे कायदे प्रत्येक साधनाचे वेगळे.

माझ्या फाइलमधला पत्ता न घेणाऱ्या त्या लायब्ररीचा मला रागच आला होता. तुम्ही म्हणालात, तिने तुझं काही बिघडवलं नाही. सर्व्हरवर खरी व्हॅल्यू बाहेरून दिलेली असते. तिथे चुकून एखादी फाइल राहून गेली आणि तिने ती खरी व्हॅल्यू पुसली तर काय होईल? त्या क्षणी तो नियम मला पटला, आणि आज मीही तो तसाच ठेवावा या मताचा आहे.

मग डायरेन्व्ह हे साधन दाखवलंत. फोल्डरात शिरलं की त्या प्रोजेक्टचे व्हेरिएबल लागू होतात, बाहेर पडलं की आधीची स्थिती परत येते. सगळ्या प्रोजेक्टना लागणाऱ्या गोष्टी वरच्या फोल्डरच्या एन्व्हआरसी या डायरेन्व्हच्या फाइलमध्ये ठेवायच्या आणि आतल्या फाइलमध्ये सोर्स-अप लिहून त्या वारशाने घ्यायच्या. फाइल बदलली की ते पुन्हा परवानगी मागतं. मला ती कटकट वाटली होती. पण दुसऱ्याकडून आलेल्या फोल्डरात नुसतं शिरल्यावर कुणाचाही कोड आपल्या मशीनवर चालू नये, यासाठी ती थांबण्याची जागा हवीच.

निघता निघता उभ्या उभ्या सांगितलेलंही लक्षात आहे. व्हॅल्यू नेहमी अक्षरांचीच असते, त्यामुळे ‘फॉल्स’ लिहिलं तरी अनेक भाषा त्याला खरं धरतात. रिकामं व्हेरिएबल आणि नसलेलं व्हेरिएबल एक नव्हे. पासवर्डची फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात, टाकायची नाही. तिथे नुसत्या नावांची नमुना फाइल ठेवायची. आणि शंका आलीच तर एन्व्ह-वजा-आय ही कमांड लावून कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये प्रोग्रॅम चालवून पाहायचा. काय नसलं की तो अडतो, ते तिथेच समजतं.

रिकामी झालेली टेबलं दुसऱ्या दिवशी बॅकअपमधून परत आणताना तुम्ही पुन्हा माझ्यासोबत बसलात. ते तुमचं काम नव्हतं. त्याचे आभार मी त्या वेळी मानलेच नाहीत, नुसता मान खाली घालून टाइप करत राहिलो. आज मानतो.

तुमचा तो कागद अजून माझ्या मॉनिटरखाली आहे. माझ्या शेलच्या फाइलमध्ये तेव्हा तेवीस एक्स्पोर्ट होते. आता चार उरलेत. बाकीचे आपापल्या प्रोजेक्टच्या फोल्डरात गेले.

तुमचा ऋणी,
शेजारच्या टेबलावरचा