सॉफ्टवेअर विक्रीची नोकरी धरण्याआधी

महोदय,

अमरावती, अकोला, यवतमाळकडची पदवीधर मुले हल्ली सॉफ्टवेअर विक्रीच्या नोकऱ्या धरत आहेत. कृषी केंद्र, जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने), दालमिल, पतसंस्था यांना बिलिंग आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर विकायचे. स्टार्टअप बरी की जुनी मोठी कंपनी, यावर घरोघरी खल होतो. पण टार्गेट कोणत्या महिन्यांवर बसवले आहे आणि इन्सेंटिव्ह नेमका कशावर मोजतात, हे कोणी विचारत नाही. मुलाचे वर्ष त्यावरच ठरते.

टार्गेट बहुधा पुण्या-बंगळुरूत बसून चार तिमाहींत सारखे वाटले जाते. इकडे मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत कृषी केंद्रवाला बियाणे-खतांच्या गर्दीत मान वर करत नाही. डेमोला वेळ देणे दूरच. जिनिंगवाल्याशी बोलायचे ते ऑगस्ट-सप्टेंबरात. कापसाची आवक सुरू झाली की चालू काट्यावर तो नवे सॉफ्टवेअर बसवू देत नाही. दुकानांची खरी विक्री फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण १ एप्रिलला नवे आर्थिक वर्ष आणि नवी बिलमालिका सुरू होते. वर्षाच्या मध्येच बदल केला तर उधारीची खाती, शिल्लक साठा, कीटकनाशकांचे बॅच क्रमांक आणि मुदती हे सगळे जुन्यातून नव्यात आणावे लागते, आणि तिथेच सौदे फिसकटतात. जून तिमाहीचे टार्गेट हुकले म्हणून ताकीद देणारी कंपनी, लहान असो वा मोठी, या भागात कामाची नाही. वार्षिक टार्गेट मागावे, नाहीतर जूनचा वाटा कमी करून घ्यावा.

सॉफ्टवेअरचा वर्षाचा परवाना १८,००० रुपये धरा. १८ टक्के जीएसटीसह ग्राहक २१,२४० देतो; १० टक्के इन्सेंटिव्ह १८,००० वर, म्हणजे १,८०० रुपये. तो ऑर्डर घेतल्यावर मिळणार की सगळे पैसे जमा झाल्यावर? आपल्याकडे ‘दिवाळीनंतर देतो’ म्हणणारा दुकानदार लबाड नसतो. त्याचीच उधारी सोयाबीन-कापूस विकल्यावर वसूल होते. मधल्या काळात मुलाने नोकरी सोडली तर त्या पैशांचे काय, हे नेमणूकपत्रात लिहिलेले हवे. ग्राहकाने काही महिन्यांत सॉफ्टवेअर बंद केल्यास दिलेला इन्सेंटिव्ह परत कापण्याचे कलमही काही ठिकाणी असते.

स्टार्टअपमध्ये बहुतेक वेळा एकटा विक्रेताच ग्राहक शोधतो, डेमो देतो, डेटा चढवतो, प्रिंटर जोडतो आणि रात्री तक्रारीही घेतो. शिकायला भरपूर मिळते, पण यात गेलेले दिवस टार्गेटमधून वजा होत नाहीत. नेट नसताना बिल निघते का, मराठीत छापले जाते का, हे स्वतः चालवून पाहावे. ‘ते पुढच्या अपडेटमध्ये येईल’ असे ग्राहकाला सांगायला लावणारी कंपनी टाळावी. अपडेट आले नाही तर गावात बोलणी विक्रेता खातो आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण होत नाही. पगार कमी घेऊन शेअर घ्या म्हणतात, तेही नको. कायद्यानुसार असे शेअर देऊ केल्यापासून किमान वर्षभर हाती येत नाहीत, आणि कंपनी शेअर बाजारात नसेल तर ते विकायचे कोणाला?

मोठ्या कंपनीचे नाव सांगितले की दुकानदार ‘बसा’ म्हणतो. प्रशिक्षण मिळते, सपोर्टला वेगळी माणसे असतात. मात्र तालुक्यात लागलेली जाहिरात पुष्कळदा तिच्या डीलरची असते, तेव्हा नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे आहे ते बघावे. डीलरकडे २० पेक्षा कमी कामगार असतील तर पीएफ सहसा सक्तीचा नसतो.

तरीही पहिली दोन वर्षे जिनिंग आणि कृषी केंद्रांत मुरलेल्या डीलरकडे काढणे मला बरे वाटते. तिथे ग्राहकांची यादी तयार असते आणि मंदीच्या महिन्यांत नूतनीकरणाचे पैसे येत राहतात. स्टार्टअप धरायची तर तिचे पैसे मोजणारे चार-पाच ग्राहक याच जिल्ह्यात असावेत आणि त्यांचे नंबर तिने मुलाखतीतच द्यावेत. त्यांना फोन लावून विचारावे, तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांनी येतो.

एक वाचक,
दर्यापूर (जि. अमरावती)