मलावीहून परतलेल्या निनादला

चिपळूण

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट पाहिला. इओसिनोफिल, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, १,८००. पाचशेच्या आत असायला हवेत. ‘ॲलर्जी असेल, सेट्रिझिन घेतो’ हे मात्र मला पटलं नाही. दमा किंवा एखादं औषध न मानवणं यानेही या पेशी वाढतात, मान्य. पण आफ्रिकेतून आलेल्या माणसात आधी जंत शोधायचे. मलेरियाची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, मलेरियात या सहसा वाढत नाहीत. लॅबमध्ये जन्म गेला माझा. दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि भोवती गच्च नारिंगी दाणे, या पेशी स्लाइडवर चटकन ओळखू येतात.

मलावीच्या तळ्यात पोहलास ते डॉक्टरांना सांगितलंस का? तिथल्या गोगलगायींतून शिस्टोसोमा नावाच्या जंताच्या अळ्या पाण्यात सुटतात आणि थेट कातडीतून आत शिरतात. पाणी प्यायलो नाही, या म्हणण्याला अर्थ नाही. आपल्या गुहागर तालुक्यातल्या गिमवीतही हा रोग सापडला होता. गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ साली त्यावर लिहिलं होतं.

शिस्टोसोमाच्या अँटीबॉडीची तपासणी घाईने केली तर निगेटिव्ह येते. तळं सोडून बारा आठवडे झाले की पुन्हा करायला सांग. लघवीचा नमुना सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान दे, आणि शेवटची धार घे. अंडी तिच्यात जास्त येतात. शौचाचे नमुने वेगवेगळ्या दिवशी तीन. स्ट्राँगिलॉइडिसचीही तपासणी मागून घे. हा जंत पोटात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, आणि पेशी खाली आणायला कोणी स्टेरॉइड दिलं तर अंगभर पसरून जिवावर बेततो. तो नाही हे कळेपर्यंत स्टेरॉइडला हात लावू नकोस.

बाबांनी सुचवलेली अल्बेंडाझोलची गोळी शिस्टोसोमावर चालत नाही. त्यावर प्राझिक्वांटेल, तेही वजनाच्या हिशेबाने. कोवळे जंत त्याने मरत नाहीत, म्हणून लवकर घेतलं तर काही आठवड्यांनी परत घ्यावं लागतं. आणि स्ट्राँगिलॉइडिसवरचं आयव्हरमेक्टिन मनाने घेऊ नकोस. तू कॅमेरूनलाही होतास. तिकडचा लोआ लोआ नावाचा जंत रक्तात भरपूर असेल तर त्या गोळीने मेंदूला सूज येऊ शकते. आधी दुपारच्या वेळचं रक्त तपासायला हवं.

लंडनला आहेस, तर जीपीकडून, म्हणजे तुझ्या फॅमिली डॉक्टरकडून, ट्रॉपिकल डिसीजेसच्या हॉस्पिटलची चिठ्ठी घे. कुठल्या देशात कधी होतास, कुठल्या पाण्यात उतरलास, अनवाणी कुठे हिंडलास, सगळं कागदावर लिहून ने.

पुढचे रिपोर्ट पाठवताना फोटो सरळ काढ. या वेळी उजवीकडचे आकडे अर्धे कापले गेलेत.

तुझी,
आई