अर्थमंत्री महोदया, माझ्या वडिलांच्या जागेचा पैसा काळा कधी झाला?

वाशी, नवी मुंबई
8 डिसेंबर 2025

प्रति,
माननीय अर्थमंत्री महोदया, भारत सरकार

स. न. वि. वि.

आपण कामात असणार. पुढच्या अर्थसंकल्पाची तयारी सुरू असेल. तरी पाच मिनिटं काढावीत ही नम्र विनंती.

गेल्या गुरुवारी, म्हणजे 4 तारखेला, आमच्याकडे मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारची पूजा होती. सौ.ने चौरंगावर घट मांडला होता, पाच फळं ठेवली होती आणि पोथी वाचायला बसायची वेळ झाली होती. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दिसत नाही, 31 डिसेंबरच्या आत दुरुस्ती करा, असा आयकर खात्याचा संदेश. तिने विचारलं, "काय आलं?" मी म्हटलं, "जाहिरात आहे." लक्ष्मीसमोर खोटं बोललो. सदतीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात नोकरी केली. पगारातून कर कापून गेला, कधी एक दिवस उशीर नाही. आणि आज बायकोपासून मोबाइल लपवतोय.

हकीकत अशी. पनवेलजवळ वडिलांची बिनशेती जागा होती, ती भावांनी मिळून विकली. माझ्या वाट्याच्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर भरला, कारण जागा विकून घर घेतलं तर मिळणारी करसवलत परदेशातल्या घराला मिळत नाही. हे कळल्यावरही गप्प बसलो, कायदा आहे म्हणून. मुलगा दुबईत नोकरीला होता. वाशीतल्याच एका हॉटेलात तिकडच्या घरांचं प्रदर्शन लागलं होतं. टाय लावलेल्या पोराने कागदावर मोठं शून्य काढलं आणि त्याला दोनदा गोल केला. "काका, प्रॉपर्टी टॅक्स झीरो. रेंटवर टॅक्स झीरो. आठ टक्के रिटर्न." तो कागद मी अजून ठेवलाय.

जानेवारी 2024 मध्ये साडेपाच लाख दिरहमचा स्टुडिओ घेतला, 375 फुटांचा. शून्य कुठून सुरू होतं ते तेव्हाच कळायला हवं होतं. तिथल्या भूमी खात्याची नोंदणी फी 4 टक्के, एजंटचे 2 टक्के, त्याच्या कमिशनवर पुन्हा व्हॅट, कागद करून देणाऱ्या कचेरीचे 4 हजार दिरहम वेगळे. असे 38 हजार दिरहम गेले, म्हणजे साडेआठ लाख रुपये. शिवाय सोसायटीचा सर्व्हिस चार्ज, फुटामागे 16 दिरहम, दर वर्षी. मुलगा राहत होता तोवर वीजबिलात घरभाड्याच्या 5 टक्क्यांची हाऊसिंग फीही येत होती. तिला टॅक्स म्हणत नाहीत, एवढंच.

तरी एक सांगतो, दुबईवर माझा राग नाही. त्यांनी दर लावले आणि घेतले. सिंगापूर तर 2023 पासून परक्या गिऱ्हाइकाकडून 60 टक्के जादा मुद्रांक घेतं. कॅनडाने 2027 पर्यंत दारच लावून घेतलंय. इंग्लंडात परदेशी खरेदीदाराला 2 टक्के जास्त. तोंडावर सांगतात. पटलं तर ये, नाही तर जा. आपल्याकडे मात्र दार सताड उघडं ठेवायचं आणि माणूस आत आला की मागून कडी लावायची.

वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवायची मुभा तुमच्याच नियमांनी दिलेली आहे. मी त्यातले एक लाख साठ हजार पाठवले. हवाला नाही, कुणाच्या सुटकेसमधून नाही. बँकेच्या खिडकीवर फॉर्म भरला, त्यावर "घर खरेदी" असं कारण लिहिलं, पॅन दिलं, सह्या केल्या. बँकेने तिथल्या तिथे टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल करायचा कर, कापला. तुम्ही तो 1 ऑक्टोबर 2023 पासून 5 टक्क्यांवरून 20 केला होता ना? तेव्हा 7 लाखांच्या वर प्रत्येक रुपयावर तो होता. म्हणजे एक कोटी तेहतीस लाखांवर माझे 25 लाख 20 हजार तुमच्याकडे जमा. त्यासाठी निवृत्तीच्या ठेवी मोडल्या. परतावा डिसेंबर 2024 मध्ये मिळाला आणि व्याज एप्रिलपासूनचं, महिन्याला अर्धा टक्का. आता मर्यादा 10 लाख केली आहे असं ऐकलं. आभारी आहे.

पुढे मुलाची बदली रियाधला झाली. घर भाड्याने दिलं, वर्षाला 40 हजार दिरहम. आठ टक्क्यांचं सव्वासात झालं, तेही कागदावर. सर्व्हिस चार्ज 6 हजार, भाडं गोळा करून देणाऱ्याचे 2 हजार. इथे त्या भाड्यावर कर लागतोच. घरभाड्यातून सरसकट 30 टक्के वजावट मिळते, सर्व्हिस चार्ज वेगळा धरता येत नाही. तिथे कर भरलेला असता तर इथल्या करातून वजा झाला असता, पण तिथे शून्य! ते गोल केलेलं शून्य. तेव्हा माझ्या दराने सव्वा लाखाच्या पुढे कर इथे भरला. सगळा हिशोब केला तर हातात साडेचार टक्के. शेजारच्या सहकारी बँकेत ठेव ठेवली असती तर निदान पासबुक तरी मराठीत मिळालं असतं.

तर भाडं दाखवलं, कर भरला. मग चुकलं काय? एक तक्ता. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो, तो आमच्या सीएने कोरा सोडला. मी त्याला फोनवर काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो म्हणाला, "काका, विवरणपत्र मार्चअखेरचं आणि हा तक्ता 31 डिसेंबरअखेरचा, त्यात गोंधळ झाला." मला वाटलं थाप मारतोय. पाहिलं तर खरंच! एकाच कागदात दोन वर्षं. हे ज्याने ठरवलं त्याने कधी स्वतःच्या हाताने विवरणपत्र भरलंय का, हे मला आपल्याकडून लेखी हवं आहे.

आणि या कोऱ्या तक्त्याला दंड किती होऊ शकतो? 10 लाख. कायद्याचं नाव काय, तर 2015 चा काळा पैसा कायदा. कर बुडवला नाही, पैसा लपवला नाही, तरी माझं नाव त्या कायद्याखाली येऊ शकतं. माझे वडील रोज पहाटे डोक्यावर भाजी घेऊन पनवेलच्या बाजारात जायचे. त्यातून घेतलेली जागा, महोदया.

ऑक्टोबर 2024 पासून तुम्ही सवलत दिलीत, 20 लाखांपर्यंतची परदेशी मालमत्ता दाखवायची राहिली तर हा दंड नाही. वाचून हायसं वाटलं. पुढची ओळ वाचली: स्थावर मालमत्ता सोडून. म्हणजे परदेशी बँकेत 19 लाख विसरणारा सुटला. पण विटा-सिमेंटचं घर, जे उचलून कुठे नेताही येत नाही, त्याच्या मालकाला सवलत नाही. गंमत बघा, तिथल्या खात्यांची माहिती करारानुसार दर वर्षी भारताला मिळते. माझ्या खात्यात भाड्याचे पंधरा हजार दिरहम होते. सीए म्हणतो, त्या खात्यावरूनच संदेश आला असणार. ज्या खात्याला दंड माफ, त्याने ज्या घराला माफी नाही ते पकडून दिलं.

असेच संदेश पाठवायच्या गेल्या वर्षीच्या मोहिमेचे आकडे पेपरात आले होते. 24 हजारांवर लोकांनी विवरणपत्रं दुरुस्त केली, आणखी पाच हजारांवर लोकांनी उशिरा भरली आणि 29 हजार कोटींच्या वर परदेशी मालमत्ता उघड झाली. मी भागाकार केला. माणशी कोटभरसुद्धा नाही. हे काळा पैसावाले? हे माझ्यासारखेच असणार, कुणाचा पोरगा तिकडे, कुणाच्या कंपनीचे शेअर तिकडे. मोठे मासे या जाळ्यात सापडत नाहीत, ते जाळं विणताना शेजारी बसलेले असतात.

आणि घराची मालकी म्हणाल, तर ऐका. दुबईत मी, परका माणूस, फ्रीहोल्ड, म्हणजे कायमचा पूर्ण मालक. वाशीत, जिथे माझी मुलं वाढली, तिथली जमीन सिडकोची, 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. फ्रीहोल्डच्या घोषणा ऐकत डोक्यावरचे केस गेले. मालमत्ता कर भरतो त्या महापालिकेत 2020 नंतर कितीतरी वर्षं एक नगरसेवक नव्हता, प्रशासक होते. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं? विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबरमध्ये वाजतगाजत झालं, पहिलं विमान मात्र नाताळात. हे तुमच्या खात्यातलं नाही, ठाऊक आहे. पण कर देताना मी खातं बघून देतो का?

मागणं फार नाही. बँकेमार्फत, कर कापून गेलेल्या पैशाच्या घराला त्या सवलतीत घ्या. माझा पॅन, रक्कम, कारण, तारीख बँकेने तुम्हाला कळवलेलंच आहे, तर तो तक्ता आधीच भरून द्या, मी सही करतो. बँकेच्या खिडकीवर एक पाटी लावा, मराठीत, की घर घेतल्यावर दर वर्षी काय काय भरावं लागेल. आणि तो तक्ता मार्चअखेरचा करा. याला तर पैसाही लागत नाही.

कळावे,
आपला,
वाशीतला एक करदाता

ता. क. — एजंटच्या सल्ल्याने कागदावर सौ.चंही नाव घातलं होतं. परदेशात घर नावावर असेल तर उत्पन्न नसलं तरी विवरणपत्र भरावं लागतं, हे आता कळलं. काल तिला खरं सांगितलं. आयकराच्या संकेतस्थळावर तिचं खातं उघडायला ओटीपी लागतो आणि आधारला जोडलेला नंबर बंद पडलेल्या सिमचा आहे. आधार केंद्रात तिला 29 डिसेंबरची तारीख मिळाली आहे.