माळ्यावरचा रुमाल सोडण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ज्या वाड्यांत, मठांत, देवघरांत मोडी-कानडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) किंवा पोथ्या असतील, त्यांना आमच्या वाचनालय समितीची विनंती: पावसाळ्याआधी ते एकदा पाहू द्या. कागद तुमच्याच घरी राहतील. आम्हाला यादी करायची आहे आणि फोटो घ्यायचे आहेत.

यादीचा एवढा आग्रह का, ते तमिळ मुलखातल्या तंजावरच्या मराठी राज्याकडे पाहून कळते. दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाळ १७९८–१८३२) सरस्वती महाल या राजग्रंथालयाचा संग्रह वाढवला, काशीयात्रेतूनही पोथ्या आणल्या. वैद्यक, संगीत, मराठी नाटके, वर मोडी दप्तर. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसाविना वारले आणि राज्य गेले. संग्रह मात्र राहिला. बर्नेल या इंग्रज संस्कृत अभ्यासकाने केलेली संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची १८८० मध्ये छापून निघाली, १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांना खुले झाले. नोंद असली की काय गहाळ झाले तेही सांगता येते. आपल्या भागात तेच सांगता येत नाही.

तोवर घरी एवढे सांभाळा. कागद उन्हात घालू नका, कडक होऊन घडीवर तुटतात. ओल्या फडक्याने पुसू नका. काजळीची शाई डिंकावर बांधलेली असते, पाणी लागले की पसरते. सेलोटेपचा चिकट थर पिवळा पडून अक्षरांत उतरतो. आणि लॅमिनेशन तर कधीच नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. पोथीचे फोटो घेताना पानाच्या दोन्ही बाजू घ्या. पत्रांक (पानाचा क्रमांक) बहुधा मागच्या बाजूच्या समासात असतो. तो राहिला तर सुटी पाने जुळवताना नाकी नऊ येतात.

आम्हाला हवे आहे: बिनरंगी मांजरपाट १५० मीटर (लाल रुमालाचा रंग ओलीत कागदावर उतरतो). कापड उकळून खळ काढून द्याल तर उत्तम, कारण खळ हे कसरीचे खाद्य. पोथ्यांसाठी जुन्या सागवानी फळ्या, पानांपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठ्या. लहान फळीने कोपरे मोडतात. मऊ ब्रश ६, मोबाईल आडवा धरणारा स्टँड १, हार्ड डिस्क २, त्यांतली एक दुसऱ्या गावी राहील. कीड लागू नये म्हणून वेखंड २ किलो. तंजावरलाही वेखंड, लवंग, दालचिनी, मिरी, कापूर यांच्या पुरचुंड्या ठेवण्याची रीत आहे. पूड कागदावर भुरभुरू नये, डाग पडतात.

रोख देणगीची पावती मिळेल. पण पैशापेक्षा अडते ते माणसांवाचून: मोडी वाचणारे चार आणि जुने कानडी हस्ताक्षर लागणारे दोन जण मिळाले तर काम सुरू होईल. दर रविवारी सकाळी १० ते १ वाचनालयात या.

रुमाल भिजला असेल तर मात्र रविवारपर्यंत थांबू नका. सावलीत, पंख्याखाली टिपकागदावर पसरून ठेवा आणि लगेच निरोप पाठवा. दोन दिवसांत बुरशी धरते.