खालच्या राज्याविषयी, चि. मुक्तास

चंद्रपूर,
16 नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जाऊन आज अकरा दिवस झाले. परवा व्हिडिओवर तू खोली दाखवलीस, तेव्हा आई पलंगावरची चादर पाहत होती आणि मी खिडकी पाहत होतो. ती छताला टेकलेली आहे आणि तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे नुसते बूट दिसतात, म्हणजे खोली निम्मी जमिनीखाली आहे. हे तू सांगितले नाहीस आणि मीही विचारले नाही. त्याविषयी या पत्रात एक अक्षर लिहायचे नाही असे ठरवून बसलो आहे. लिहायचे आहे ते तुझ्या बेचाळीस पानांविषयी, जी तू जाताना जेवणाच्या टेबलावर ठेवलीस आणि ज्यांच्यावर पेन्सिलीने लिहिलेस, "बाबा, रागावून झाले की वाचा."

वाचली. पहिल्यांदा राग धरून वाचली, दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन, खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, असताना पाळीचा रिपोर्ट वाचत असे तशी. "बुटक्यांच्या गोष्टी रचायला एवढे कर्ज काढून स्वीडनला कशाला जायचे" हे मी त्या रात्री बोललो, ते बोलायला नको होते. बुटके नव्हेत, ड्वार्फ, असे तू तेव्हाही सांगितलेस. म्हणून यापुढे ड्वार्फच लिहितो. दगड आणि धातू यांवर जगणारा, जमिनीखाली राहणारा एक समाज तू उभा केला आहेस, त्याला राजा, कुळे आणि लोहारांचे सात संघ दिले आहेस, आणि गेम खेळणाऱ्याने त्या राज्यात हिंडावे अशी तुझी कल्पना आहे. मी चौतीस वर्षे जमिनीखाली हिंडलो. तेव्हा या एका विषयात तरी तू माझे ऐकशील, असा माझा भाबडा समज आहे.

तुझ्या राजाचा दरबार तीनशे फूट रुंद आहे आणि त्यात एकही खांब नाही. आमच्या खदानीत गॅलरीची रुंदी 4.8 मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही असा नियम होता, आणि मधे कोळशाचेच खांब राखून ठेवावे लागत. तू म्हणशील, तुमचा तो कोळसा, आमचा हा ग्रॅनाइट. मान्य आहे. पोलंडमध्ये वियेलिच्काच्या मिठाच्या खाणीत 101 मीटर खोलीवर एक अख्खे चर्च मिठात कोरून काढलेले आहे आणि त्यात झुंबरेसुद्धा मिठाचीच आहेत, हे मलाही माहीत आहे. माझा प्रश्न खांबाचा नाही. त्या छताचे ऐकते कोण, हा आहे. आमचा मायनिंग सरदार, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षितता पाहणारा माणूस, पाळीच्या सुरुवातीला काठीने छत ठोकत ठोकत पुढे जात असे. भक्कम छत खणखणीत वाजते, सुटलेले छत बद्द वाजते, आणि तो फरक ज्याच्या कानाला कळतो त्याच्यापुढे इंजिनिअरही गप्प राहतो. तुझ्या राज्यात तलवार घडवणाऱ्याला मान आहे, हिरे पारखणाऱ्याला मान आहे, पण छत ठोकून ऐकणारा एकही माणूस बेचाळीस पानांत मला सापडला नाही. पंपावर बसणारा नाही. पंख्याचा माणूस नाही. बेटा, जमिनीखाली उच्चनीच कशावरून ठरते ते मी पाहिले आहे. तिथे मोठा तो, ज्याच्या एका डुलकीने पन्नास घरांत दिवा लागत नाही.

नवव्या पानावर शंभर भट्ट्या एकाच वेळी पेटलेल्या आहेत. वाचायला छान वाटते. पण धूर जातो कुठे? हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट, एवढे केल्याशिवाय राज्य राहू दे, दोन माणसांची पाळीसुद्धा चालत नाही. आम्ही सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून पाहत असू, आणि तिच्यावर निळसर टोपी दिसली की गॅस आहे हे ओळखून माणसे मागे घेत असू. कोंडलेली हवा माणसाला आधी आळशी करते, मग गाढ झोप आणते, आणि त्याला स्वतःला त्यातले काहीच कळत नाही. तिकडे थंडीत लोक हीटर लावून खिडकी घट्ट बंद करून बसतात असे ऐकतो. असो, तो विषय नाही.

खोलपणाचेही असेच आहे. तुझी सर्वांत खालची नगरी गारठलेली आहे, पण खाली जावे तसा दगड तापत जातो. दक्षिण आफ्रिकेतली सोन्याची एक खाण सुमारे चार किलोमीटर खोल आहे आणि तिथे माणसांना काम करता यावे म्हणून वरून बर्फ सोडावा लागतो. आपल्याकडचे कोलारही तीन किलोमीटरच्या खाली गेले होते, ते 2001 मध्ये बंद झाले. हे तू दुरुस्त करशीलच, यावर जास्त लिहीत नाही.

कोबोल्डचे पान मात्र मला फार आवडले. त्या खोडकर भुतांना तू ड्वार्फांचे शेजारी केलेस. त्यांची मूळ हकीकत तुला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. जर्मन खाणकामगारांना एक खनिज सापडत असे, दिसायला मौल्यवान, पण भट्टीत घातले की धातू मिळत नसे आणि वर विषारी धूर निघे. त्यांनी त्याचा दोष कोबोल्डला दिला. पुढे 1730 च्या दशकात तुझ्या स्वीडनमधल्याच गेओर्ग ब्रांट याने त्यातून नवा धातू वेगळा काढला, आणि त्याला नाव राहिले कोबाल्ट. तुझ्या लॅपटॉपच्या बॅटरीत बहुधा तेच भूत बसलेले आहे. खाणीतल्या माणसाला देव आणि भूत दोन्ही लागतात. कालीमातेच्या फोटोला हात लावल्याशिवाय मीही कधी उतरलो नाही, आणि घरी मात्र तुम्हां दोघांना विज्ञानावर भाषणे देत आलो.

आता तुझ्या सुरुवातीच्या कथेविषयी, जी मी आईला मोठ्याने वाचून दाखवायला घेतली आणि अर्ध्यावर थांबलो. तेराव्या शतकात, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी झाली त्याच शतकात, आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या कवितांतली ती आहे, असे तू नोंदवले आहेस. अल्वीस नावाचा सर्वज्ञ ड्वार्फ थॉर देवाच्या मुलीला नेण्यासाठी येतो. तिचे लग्न बापाच्या गैरहजेरीत ठरलेले असते. थॉर त्याच्यावर हात उगारत नाही. तो त्याला प्रश्न विचारत सुटतो. पृथ्वीला निरनिराळे लोक काय म्हणतात, आकाशाला काय म्हणतात, वाऱ्याला काय, रात्रीला काय. सूर्याला काय म्हणतात, हेसुद्धा त्यातच विचारून घेतो. बिचारा विद्वान उत्तरे देत राहतो, आणि शेवटचे उत्तर संपते तोवर उजाडते. ड्वार्फाला सूर्य चालत नाही, तो लागला की त्याचा दगड होतो.

तू निघालीस त्याच्या आदल्या रात्री मी तुला फी विचारली, कर्जाचा हप्ता विचारला, परत येण्याची तारीख विचारली, तिकडे आजारी पडलीस तर कोण, हे विचारले, आणि दोन वाजता तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही प्रश्न विचारत नाही आहात, तुम्ही वेळ काढत आहात." मला तेव्हा फार राग आला. ती कथा तू त्या रात्रीच्या आधीच लिहिलेली होतीस हे पानावरची तारीख पाहून कळले, म्हणजे तू मला उद्देशून लिहिली नव्हतीस. तरी लागायची तिथे लागली.

पण त्या कथेशी माझे एक भांडण आहे. सूर्य लागून कुणी दगड झालेले मी पाहिलेले नाही. सूर्य न लागून झालेले पाहिले आहेत. हिवाळ्यात पहिल्या पाळीला अंधारात उतरायचे आणि दुपारी वर यायचे. मी लॅम्पकेबिनच्या, म्हणजे खाणीचे दिवे ठेवायच्या खोलीच्या, मागच्या कडुलिंबाखाली दहा मिनिटे नुसता बसत असे आणि मगच घरची वाट धरत असे. तू दादाच्या सायकलच्या दांडीवर बसून तिथपर्यंत यायचीस आणि माझ्या भुवयांवरची काजळी बोटाने पुसायचीस. जे कुणी वर येऊन थेट घरी जाऊन झोपत आणि उठून पुन्हा खाली जात, ते हळूहळू बोलेनासे झाले. तुझ्याकडे डिसेंबरात दिवस साडेसहा तासांचाही नसतो. तेवढ्यात एकदा तरी वर ये, म्हणजे बाहेर जा असे म्हणायचे आहे.

हे भाषण झाले. क्षमा कर. लिहिणार नव्हतो.

तुझ्या ड्वार्फ स्त्रिया कधी दिसतच नाहीत, त्या "आतल्या दालनात" असतात, एवढ्यावर तू त्यांना सोडून दिले आहेस. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनच्या ड्वार्फांतही स्त्रिया जेमतेम एकतृतीयांश असतात, क्वचितच बाहेर पडतात, आणि परक्या माणसाला त्या पुरुषांहून वेगळ्या ओळखू येत नाहीत, असे तूच मला मागे सांगितले होतेस. हे शेवटचे वाक्य मात्र खरे आहे, कारण तुझी आजी हेच सांगत असे. बायकांना जमिनीखाली कामाला बंदी होती, ती युद्धाच्या काळात, 1943 ते 1946, उठवली होती, आणि त्या दिवसांत आजी लग्नाआधी तिच्या आईबरोबर टोपली घेऊन खाली जात होती. "खाली गेले की माणूस कोण आणि बाई कोण, दातांवरूनसुद्धा कळत नव्हते" असे ती म्हणायची, आणि मग एवढी हसायची की आम्हाला ती गंमतीची जागा वाटायची. टोपली भरल्यावर डोक्यावर चढवायला दोघी लागत, हे तिने फक्त एकदाच सांगितले. पुन्हा बंदी आली, 1952 च्या कायद्यातही ती राहिली, आणि तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी बायकांना खाली जायची परवानगी मिळायला 2019 उजाडले. तोवर मी निवृत्तही झालो होतो. तू बारावीत असताना "मला मायनिंगला जायचे" म्हणालीस आणि मी "बायकांचे काम नाही ते" म्हणून विषय संपवला, हे तू विसरली असशील. मी विसरलेलो नाही. तू तुझी खाण स्वतःच खोदलीस, आणि तिच्यात बायका मात्र दाराआड ठेवल्यास. आजीला बाहेर काढ.

आज 16 नोव्हेंबर. 1989 साली याच दिवशी राणीगंजच्या महावीर खदानीतून 65 माणसे वर काढली. तीन दिवस आधी खाणीत पाणी शिरले होते. वरून एक भोक पाडले, जेमतेम एक माणूस मावेल अशी पोलादी कुपी केली, आणि जसवंतसिंग गिल नावाचे इंजिनिअर तिच्यातून स्वतः खाली उतरले. दादा तेव्हा आठ महिन्यांचा होता. आम्ही सगळी कॉलनी रेडिओभोवती बसलो होतो आणि आकडा वाढला की बायका रडत होत्या. तुझे ड्वार्फ गाडले गेलेल्यांसाठी सुंदर शोकगीते रचतात, ती मी दोनदा वाचली. पण अडकलेल्यांना आणायला उतरते कोण? ज्या समाजात त्याचे नाव नाही, तिथे मी एक पाळीही काम केले नसते.

तिकडे फालून नावाचे गाव आहे, तिथली तांब्याची खाण 1992 मध्ये बंद झाली आणि आता लोक ती पाहायला जातात. तिथे 1719 मध्ये एका तरुणाचे प्रेत सापडले, मोरचुदासारख्या क्षारांच्या पाण्यात जसेच्या तसे राहिलेले. कुणालाच ओळख पटेना. शेवटी एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, हा माझा होणारा नवरा, बेचाळीस वर्षांपूर्वी हरवलेला. तो होता तेवढाच राहिला होता. सुट्टीत जाऊन ये, आणि काय दिसले ते सविस्तर कळव. खाली असलेल्याला कळत नाही की वर किती वर्षे गेली, एवढेच त्यावरून मला सुचले. माझ्या खोकल्याविषयी दादाने तुला काय सांगितले ते मला माहीत नाही. फोटो काढला आहे, विशेष काही नाही.

तेविसाव्या पानावर तू प्रत्येक ड्वार्फाला एक गुप्त नाव दिले आहेस, जे थडग्यावरही कोरायचे नाही. आम्हाला पितळेचे टोकन असे. खाली जाताना ते लॅम्पकेबिनमध्ये द्यायचे, वर आलो की परत घ्यायचे. पाळी संपल्यावर खिळ्यावर टोकन उरले तर माणूस खालीच आहे. रात्रपाळीला आई झोपत नसे आणि सकाळी झोपले होते असे सांगत असे. तुझ्या राज्यात पाळी सुटण्याच्या वेळी दाराशी कोण उभे राहते, ते कुठेही लिहिलेले नाही. ते पान लिहिलेस की आधी मला पाठव. दुरुस्त करणार नाही, नुसते वाचीन. बाकीची पाने लाल शेऱ्यांसह दादा स्कॅन करून पाठवत आहे. एकतिसाव्या पानावर शेरा नाही, तिथे फक्त "उत्तम" लिहिले आहे.

तुझा,
बाबा

ता. क. : आई खिडकीचे माप मागते आहे, तिला पडदा शिवायचा आहे. माप पाठवू नकोस.